'महारोगी' या शिक्क्याची पार्श्वभूमी

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटाला पान कापताना कात्री लागते. रक्त येतं, पण दुखत नाही. कामानं कातडी निबर झाली, असं म्हणून घरचे सोडून देतात. पाठीवर फिकट चट्टा असला तरी तो दाखवायचा नसतो, कारण दाखवल्यावर कानावर येणारा शब्द ठाऊक असतो: महारोगी.

कुष्ठरोग्यासाठीचा हा शब्द नुसता बोलीतला नव्हता, त्याच्यामागे कायदा होता. 1898च्या लेपर्स अ‍ॅक्टनं व्रण फुटलेल्या रुग्णालाच 'लेपर' ठरवलं. त्यातही उघड भीक मागणाऱ्याला किंवा पोटापाण्याचं साधन नसलेल्याला पोलीस वॉरंटशिवाय धरून आश्रमात पाठवू शकत. खाण्याचे पदार्थ विकणं, सार्वजनिक विहिरीचं पाणी काढणं, भाड्याची गाडी हाकणं यांवर बंदी घालण्याची सोय त्यात होती. घरी बसून खाणारा सधन रुग्ण या धरपकडीतून सुटत असे. म्हणजे कायद्याला रोगापेक्षा रस्त्यावरचा भिकारी जास्त खुपत होता. निपाणीचा बेळगाव जिल्हा 1956पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदललं, शिक्का राहिला. तो कायदा रद्द व्हायला 2016 उजाडलं.

हा रोग जंतूमुळे होतो हे डॉक्टर हॅन्सन यांनी नॉर्वेत 1873 सालीच दाखवलं होतं. 'लेपर' शब्द टाकून द्या, असा ठराव 1948च्या हवाना इथल्या जागतिक कुष्ठरोग परिषदेनं केला. पुढे 'कुष्ठबाधित व्यक्ती' हा शब्द आला. तोही आता झिजू लागलाय. औषध संपून वीस वर्षं झालेल्या माणसाला कुठलंच विशेषण नको असतं, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे.

सीमाभागात शब्दांचा आणखी एक घोळ आहे. मराठीतलं 'कोड' हे संस्कृत 'कुष्ठ'वरूनच आलेलं, पण कोड म्हणजे पांढरे डाग. ते संसर्गजन्य नाहीत आणि तिथे स्पर्श शाबूत असतो. त्यामुळे खरी पारख रंगावर नाही, बधिरपणावर होते. कापसाची बारीक वात आधी रुग्णाच्या देखत चांगल्या कातडीला टेकवायची, मग डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर. लागलं तिथे त्यानं बोट ठेवायचं. "कळतंय का?" असं विचारू नये, माणूस भिडेखातर हो म्हणतो. बधिरपणाला कन्नडमध्ये 'जोमु' म्हणतात, घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईला, दोन्ही शब्द यायला हवेत.

1981 साली जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवले. आता 5पर्यंत चट्टे असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12. पाकीट 28 दिवसांचं, सरकारी दवाखान्यात फुकट. महिन्याचा पहिला डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा. उपचार बहुतेक तीन कारणांनी मोडतात. पाकिटातल्या रिफॅम्पिसिन या औषधानं लघवी लालसर होते आणि माणूस घाबरतो. त्यातल्याच क्लोफॅझिमिननं कातडी काळवंडते, गाव ओळखतं. औषध थांबल्यावर रंग काही महिन्यांत हळूहळू उतरतो, हे आधीच सांगावं लागतं. आणि मध्येच चट्टे लाल होऊन सुजले, नस दुखू लागली की "औषध बाधलं" म्हणून गोळ्या बंद होतात. ती औषधाची बाधा नसते, जंतूंविरुद्ध शरीरानं घेतलेली उसळी, म्हणजे 'रिअ‍ॅक्शन' असते. गोळ्या चालू ठेवून तातडीनं डॉक्टरांकडून प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर बोटं कायमची वाकतात.

भीतीची दिशाही उलटीच आहे. सुमारे 95 टक्के लोकांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. जंतू पसरतो तो उपचार न घेतलेल्याच्या नाका-तोंडातून, दीर्घ सहवासात. हात मिळवून किंवा एका ताटात जेवून नाही. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो. तरी वेगळा पेला मिळतो तो वाकड्या बोटांच्या, केव्हाच बऱ्या झालेल्या म्हाताऱ्याला. चट्टा सदऱ्याखाली झाकलेला धडधाकट तरुण मात्र पंगतीत बसलेला असतो.

त्या म्हाताऱ्याची गरज वेगळी आहे. मेलेली नस परत येत नाही, म्हणून त्यानं रोज पंधरा-वीस मिनिटं पाय साध्या पाण्यात बुडवावेत, घट्टा दगडानं हलका घासावा, ओल्या कातडीलाच तेल लावावं. चप्पल एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, खिळे नसलेली. चुलीवरचा तवा फडक्याशिवाय उचलायचा नाही.