पार्श्वभूमी : ईडीपीचं सर्टिफिकेट आधी की कर्ज?

पुण्यात ‘ईडीपी (उद्योजकता विकास कार्यक्रम, म्हणजे धंदा काढू पाहणाऱ्यांसाठीचं प्रशिक्षण) केलं का?’ हा प्रश्न वर्गापेक्षा बँकेच्या काउंटरवर जास्त ऐकू येतो. त्याचं मूळ १९९३ मधल्या एका निर्णयात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९६४ मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काकीनाड्याच्या व्यापारी-कारखानदारांना हैदराबादला नेऊन दहा दिवस ‘संपादन प्रेरणे’चे, म्हणजे काहीतरी करून दाखवायची ओढ वाढवण्याचे, धडे दिले. ही मंडळी आधीच धंद्यात होती. १९७० च्या सुमारास गुजरातने तोच धागा धरून नवख्यांसाठी काही महिन्यांचे वर्ग काढले. अशा प्रशिक्षणाचं महाराष्ट्राचं स्वतंत्र केंद्र १९८८ चं, तेही औरंगाबादला. पुण्याला त्याची निकड नव्हती. मोठ्या कारखान्यातला टर्नर जुनं लेथ घेऊन भोसरीत गाळा काढायचा, आणि पहिलं जॉबवर्क बहुतेकदा जुन्या कंपनीकडूनच यायचं. त्याचं शिक्षण शॉप फ्लोअरवरच झालेलं असायचं.

आता १९९३. सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधानांच्या नावाची योजना आली आणि प्रशिक्षण कर्जाला जोडलं गेलं. जोडण्याला हरकत नव्हती. क्रम उलटला, ही खरी गोम. गुजरातच्या पद्धतीत आधी चाचणी-मुलाखतीतून निवड, मग वर्ग, मग भांडवलाची खटपट. इथे आधी मंजुरी, मग वर्ग. म्हणजे वर्गात बसलेल्याला ‘हा धंदा तुला झेपणार नाही’ असं सांगायची वेळ निघून गेलेली. समर्थकांचं म्हणणं असं, की नुसतं शिकवून सोडलेली मुलं कर्जाविना फिरत राहतात. त्यात तथ्य आहे, पण त्या सोयीपायी प्रशिक्षण फाइलीतला एक कागद होऊन बसलं.

शब्दांनीही घोळ घातला. सरकारी कागदांत ‘उद्योजकता’ आणि ‘स्वयंरोजगार’ एकमेकांच्या जागी सर्रास येतात. त्यामुळे झेरॉक्सचं दुकान काढणारा आणि डाय-मोल्ड बनवू पाहणारा एकाच बाकावर. दोघांनाही प्रकल्प अहवालाचा तोच साचा, जो पुष्कळदा बाहेरून कुणाकडून तरी भरून आणलेला!

२००८ मध्ये पंतप्रधानांच्या नावाची ही योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली, तरी ईडीपीची अट राहिली. या नव्या योजनेत अनुदान मिळतं, पण तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. राज्याने २०१९ मध्ये आपली योजना आणली, तीही याच धर्तीवर. अलीकडे ईडीपी घरबसल्या मोबाइलवरही करता येतं.

दुसरीकडे २००७ मध्ये पाषाणच्या एका प्रयोगशाळेच्या आवारात इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र, सुरू झालं, २०१६ नंतर तर कॉलेजांत स्टार्टअप सेलची लाटच आली. बीकॉमला उद्योजकता हा विशेष विषय घेता येतोच. पण स्टार्टअपवाल्या पोरांना ईडीपीचं कुणी विचारत नाही, त्यांना पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांपुढे मांडायचं सादरीकरण, मागतात. भोसरीच्या गाळ्यात आजही पहिला प्रश्न असतो, ‘आधी कुठे काम केलंस?’