तारेखालचे वेटोळे : घरी इलेक्ट्रिक गिटार करताना

इलेक्ट्रिक गिटार पाहायला दुकानात गेले की विक्रेता हमखास लाकडापासून सुरुवात करतो. हे महोगनीचे आहे म्हणून ‘वॉर्म’ वाजते, ते ॲशचे आहे म्हणून ‘ब्राइट’ वाजते, आणि किमतीतला फरकही त्यामुळेच पडतो, असे तो ठामपणे सांगतो. घरीच एक गिटार करून पाहावी असे मनात आले, तेव्हा मलाही पहिली धास्ती हीच वाटली होती, की असले परदेशी लाकूड आपल्याला कुठे मिळणार. ती धास्ती एका साध्या प्रयोगाने गेली. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेली ती चपटी पट्टी, नुसतीच टेबलावर ठेवून ॲम्प्लिफायरला जोडली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा पोलादी नादकाटा वाजवून त्या पट्टीवर धरला. खोलीभर स्वच्छ सूर घुमला. त्या वेळी पिकअपला लाकडाचा एक तुकडाही जोडलेला नव्हता.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना चोखंदळपणा करतो, त्याला सबळ कारण असते. तारेचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, तबली आणि भोपळा मिळून हवा हलवतात, आणि आपण जे ऐकतो ते त्या हवेचे कंपन असते. तिथे लाकूड व भोपळा हेच वाद्य आहे. इलेक्ट्रिक गिटारचे धड मात्र भरीव असते आणि त्याला हवा हलवायचीच नसते. जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये बाजारात आणलेली, आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली जाणारी पहिलीवहिली इलेक्ट्रिक गिटार तर ओतीव ॲल्युमिनियमची होती. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मदतीने घरात जी गिटार करायला घेतली, तिची मान शेकोटीच्या जुन्या महोगनी चौकटीतून काढलेली होती, धडासाठी एका टेबलाचे ओक लाकूड आणि आपल्याकडे कपाटांना लावतात तो ब्लॉकबोर्ड वापरला होता, आणि तारांचा ताण तोलण्यासाठी जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. सुमारे दोन वर्षे खपून केलेली ही गिटार ‘क्वीन’ या वाद्यवृंदात त्याने आयुष्यभर वाजवली. (त्याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला होता, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. ब्रायन मे याने २००७ मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली, हे त्या मानाने कमी जणांना ठाऊक असते.)

मग या वाद्यात बोलते कोण? दहावीच्या पुस्तकात फॅरेडेचा प्रयोग असतो, की वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो. पिकअपमध्ये हाच प्रयोग जरा आडवळणाने होतो. येथे चुंबकही स्थिर असतो आणि वेटोळेही स्थिर असते. प्रत्येक तारेखाली एक, असे सहा दंडगोल चुंबक उभे असतात आणि त्या सर्वांभोवती मिळून केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. चुंबकाच्या सान्निध्यामुळे वरच्या पोलादी तारेचा तेवढा तुकडा स्वतःच तात्पुरता चुंबक बनतो. तार छेडली की हा इवलासा चुंबक खाली-वर होतो, वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषा त्यानुसार वाढतात व घटतात, आणि वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये काही दशांश व्होल्टचे विभवांतर निर्माण होते. नायलॉनच्या तारा लावल्या तर असली गिटार मुकी राहते, ती यामुळेच.

यातली खरी गंमत पुढे आहे. विभवांतर किती मिळेल, हे बलरेषा किती आहेत यावर ठरत नाही, त्या किती झपाट्याने बदलतात यावर ठरते. म्हणजे तार हेलकाव्याच्या टोकाला क्षणभर थबकते तेव्हा वेटोळ्यात काहीच निर्माण होत नाही, आणि ती मधल्या जागेवरून भरवेगात जाते तेव्हा सर्वाधिक विभवांतर मिळते. पिकअप तारेची जागा मोजत नाही, तिचा वेग मोजतो. तार एकाच वेळी मूळ सुराने आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या उपस्वरांनी कंप पावत असते. उपस्वरांचे हेलकावे लहान असले तरी ते वेगवान असतात, त्यामुळे चौपट वारंवारतेचा उपस्वर तेवढ्याच हेलकाव्याला चौपट विभवांतर देतो. पिकअप कुठे बसवला यालाही म्हणूनच महत्त्व येते. तारेच्या बरोबर चौथ्या हिश्श्यावर त्या चौथ्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, म्हणजे तिथे त्या कंपनापुरती तार हलतच नाही, आणि तिथल्या पिकअपला तो उपस्वर ऐकूच येत नाही. घोडीजवळच्या पिकअपला मात्र जवळजवळ सगळे उपस्वर मिळतात, म्हणून त्याचा आवाज कडक येतो.

लाकडाचा संबंध येतो तो एवढाच, की तारेतली ऊर्जा ते किती पळवते. साडेचार सेंटिमीटर जाडीचा भरीव ठोकळा फारच थोडी पळवतो. लांब आणि बारीक मान अधिक पळवते, आणि एखाद्या फ्रेटवर (मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सूर लवकर विझतो तो बहुधा मानेच्या कंपनामुळे. धडासाठी माझ्याकडे जुन्या दाराची सागवानी फळी होती, तीच वापरली. गिटार जड झाली, पण तक्रार करावी असे आवाजात काही सापडले नाही.

पिकअप विकत मिळतो, परंतु तो स्वतः गुंडाळल्याशिवाय या प्रकरणाची खरी मजा कळत नाही, असे माझे मत आहे. माझी पहिली फजिती इथेच झाली. परदेशी माहितीत ‘४२ गेज’ची तार सांगितलेली असते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप), मी मोटर रिवाइंडिंगचे सामान मिळणाऱ्या दुकानातून ४२ गेज आणली आणि हातड्रिलवर साचा चढवून गुंडाळायला बसलो. वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर होता. त्यावर १ + १ दाबून ठेवले की पुढे बरोबरच्या कळीच्या प्रत्येक दाबाला आकडा एकाने वाढतो, म्हणून त्या कळीला चुंबकाने चालणारा छोटा रीड स्विच जोडला आणि ड्रिलच्या फिरत्या तोंडावर एक चुंबक चिकटवला. आकडा जेमतेम ३००० वर पोहोचला आणि साचा भरून तार बाहेर सांडू लागली. मीटरने रोध पाहिला तर तो ९०० ओहमच्या आसपास होता. हवा होता सुमारे ६००० ओहम. दुकानदाराची काहीच चूक नव्हती. अमेरिकी मापातली ४२ गेज ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते आणि आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापातली ४२ गेज ०.१ मिलिमीटरची. आपल्या दुकानात जाऊन ४६ गेज मागायला हवी होती. ती तार जोराने श्वास सोडला तरी हलते आणि बोटाला जरा अडली की तुटते. ७६०० वेढ्यांना ती सुमारे एक किलोमीटर लागते. माझी दोनदा तुटली. तिसऱ्या वेळी मीटरने ६.३ किलोओहम दाखवले आणि त्या दिवशी मी आणखी काहीही केले नाही.

इतक्या वेढ्यांचे वेटोळे तारेखेरीज घरातल्या वायरिंगचेही चुंबकीय क्षेत्र टिपते आणि ५० हर्ट्झचा गुरगुराट सुरू होतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर याने १९५५ मध्ये पेटंटसाठी मांडलेला उपाय मला या संपूर्ण वाद्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्याने शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवली, दुसऱ्याचे वेढे उलट्या दिशेने जोडले आणि दुसऱ्याचे चुंबकही उलटे केले. बाहेरून येणारे क्षेत्र दोन्ही वेटोळ्यांना सारखेच भेटते, वेढे उलटे असल्याने दोन विभवांतरे एकमेकांना छेदतात आणि गुरगुराट मावळतो. तारेच्या बाबतीत मात्र चुंबक उलटा असल्याने एक उणे आणि वेढे उलटे असल्याने दुसरे उणे, असे दोन उणे मिळून अधिक होते व सूर दुणावतो. ध्रुवांची ही मांडणी कशीही करून चालत नाही. ब्रायन मे याने आधी स्वतःचे पिकअप केले होते, त्यांत एका तारेखाली उत्तर ध्रुव तर शेजारच्या तारेखाली दक्षिण, असे चुंबक बसवले होते. तार बोटाने बाजूला खेचून सूर चढवला की ती दोन विरुद्ध ध्रुवांच्या मधोमध येई, तिथे उभ्या दिशेचे क्षेत्र शून्यातून जाते, आणि सूर ऐन वेळी बिघडे. शेवटी त्याने विकतचे पिकअप बसवले.

आता थोडे गणित, ज्यांना नको असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. असल्या वेटोळ्याचा इंडक्टन्स सुमारे २.५ हेन्री असतो, आणि गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची केबल दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारकता जोडते. इंडक्टन्स आणि धारकता एकत्र आल्या की एका ठरावीक वारंवारतेला अनुस्पंदन होते, त्या पट्टीतला आवाज उठावदार होतो आणि तिच्या वरचा झपाट्याने गळतो. वेटोळ्याची स्वतःची १०० पिकोफॅरड धरली, तर ५ मीटरच्या केबलला ही वारंवारता सुमारे ४१०० हर्ट्झ येते आणि १० मीटरच्या केबलला ३००० हर्ट्झ. आपला कान नेमका याच टापूत सर्वाधिक तीक्ष्ण असतो. लाकडाच्या जातीवर हजारो रुपये खर्चून जो फरक शोधला जातो, त्याहून मोठा फरक केबल लांब-आखूड करून मिळतो. तरीही लाकडाचे गूढ विकले जाते आणि केबलचे गणित कोणी सांगत नाही.

फ्रेटच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. एका सप्तकात १२ समान पायऱ्या हव्यात, म्हणून उरलेल्या लांबीला प्रत्येक वेळी १७.८१७ ने भागायचे आणि येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट बसवायचा. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट ३६.३७ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये १८ ने भागण्याचा सोपा नियम सुचवला होता; त्याने बारावा फ्रेट दोन मिलिमीटरहून अधिक चुकतो. नवशिक्याने मान तयार घ्यावी आणि घोडीची जागा बाराव्या फ्रेटपासून मोजावी. तारांचा एकूण ताण ४५ ते ५० किलोंच्या घरात असतो, त्यामुळे घोडीचे स्क्रू आखूड घेऊ नयेत. आणखी एक गोष्ट म्हणजे गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या घरांत थ्री-पिनच्या वरच्या भोकामागे पुष्कळदा वायरच नसते. ती आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घेतल्याशिवाय तारांना हात लावू नये.

माझ्या गिटारला अजून एकच वेटोळे आहे, त्यामुळे ती गुरगुरते. त्या गुरगुराटात ५० हर्ट्झबरोबर १०० हर्ट्झही असते, आणि सर्वांत जाड तारेचा तिसऱ्या फ्रेटवरचा सूर ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवला की दोहोंची आंदोलने, म्हणजे आवाजाचे चढ-उतार, सेकंदाला दोन या गतीने स्पष्ट ऐकू येतात; तंबोरा जुळवताना जोडीच्या तारांत जी ऐकू येतात, तशीच. दुसऱ्या वेटोळ्यासाठी ४६ गेजचे रीळ आणून ठेवले आहे.