घारापुरीमार्गे लंडन: आधुनिक ब्रिटिश शिल्पकलेची पार्श्वभूमी

ब्रिटिश शिल्पकला आणि भारत म्हटलं की आपल्याकडे अनिश कपूर आठवतात. जन्म मुंबईचा, 1973 पासून मुक्काम लंडनला, 1991 साली टर्नर पुरस्कार. पण हा धागा त्यांच्याही किती तरी आधीचा आहे. ब्रिटिश शिल्पकला आधुनिक होत होती त्या सुरुवातीच्या वर्षांतच तो सापडतो, आणि इतिहास सांगताना नेमका तोच बहुतेक वेळा गाळला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधला नामवंत शिल्पकार दगडाला फारसा हात लावत नसे. तो मातीत मूर्ती घडवायचा, तिचं प्लास्टर व्हायचं, आणि पुढे कारागीर पॉइंटिंग मशीननं मापं घेत, दगडात ठरलेल्या खोलीची भोकं पाडत तीच मूर्ती संगमरवरात उतरवायचे. एरिक गिलला हे पटेना. तो मुळात दगडावर अक्षरं कोरणारा, म्हणजे छिन्नी रोजच्या हातातली. 1910च्या सुमारास तो थेट दगडातच मूर्ती कोरू लागला. (याच गिलनं स्वतःच्या मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते. ते उघडकीला आलं त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, आणि त्याच्याबद्दल लिहिताना ते लपवू नये.)

त्याच 1910च्या जानेवारीत लंडनच्या एका सभेत जॉर्ज बर्डवूड यांनी जावातल्या बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. बर्डवूड बेळगावात जन्मलेले, मुंबईत वर्षानुवर्षं नोकरी केलेले, भारतीय हस्तकलांचे जाणकार. तरीही मूर्तिकलेला ललित कला मानायला ते तयार नव्हते. या शेऱ्यावर लंडनमध्ये संताप उसळला आणि त्याच वर्षी ‘इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन आणि भारतीय कलेचे अभ्यासक ई. बी. हॅवेल व आनंद कुमारस्वामी हे तिचे मुख्य आधार. रोथेनस्टाइन लगेच भारतात येऊन अजिंठा पाहून गेला. गिल तेव्हा त्याला पत्रात लिहितो की स्वर्गाची वाट घारापुरी, वेरूळ आणि अजिंठ्यावरून जाते. स्वतः गिलला तेव्हा ही लेणी फोटोंतूनच ठाऊक होती.

गिलचा मित्र, शिल्पकार जेकब एपस्टाइन जास्त वादग्रस्त. 1908 साली लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावरच्या एका इमारतीसाठी त्यानं केलेल्या 18 नग्न आकृत्यांवर वृत्तपत्रं तुटून पडली. 1937 साली त्या ‘धोकादायक’ ठरवून छाटल्या गेल्या. उरलेली धडं आजही तिथे दिसतात.

पुढच्या पिढीपर्यंत ही दृष्टी पोचली त्यात रोथेनस्टाइनचा वाटा मोठा होता. 1920 साली तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा प्राचार्य झाला आणि वर्षभरात यॉर्कशरच्या खाणकामगाराचा मुलगा हेन्री मूर तिथे शिकायला आला. तिथला एक किस्सा मला फार बोलका वाटतो. एका जुन्या इटालियन शिल्पाची पॉइंटिंग मशीननं नक्कल करायचं काम मूरला मिळालं. त्यानं ती नजरेच्या अंदाजानं थेट कोरली आणि शिक्षकांना शंका येऊ नये म्हणून यंत्राची वाटावीत अशी भोकं वरून पाडून ठेवली! 1924 साली रोथेनस्टाइननंच त्याला तिथे शिकवायला घेतलं. मूरचा खरा ओढा मेक्सिकोच्या प्राचीन शिल्पांकडे, हे मान्य. पण युरोपाबाहेरच्या दगडी मूर्तींकडे अस्सल कला म्हणून पाहण्यासाठी लंडनमध्ये भांडण आधीच होऊन गेलं होतं.

मूरबरोबर शिकलेल्या बार्बरा हेपवर्थनं 1931च्या सुमारास दगडाला आरपार भोक पाडलं आणि पोकळीही शिल्पाचा भाग झाली. युद्धानंतर, 1948 साली, मूरला व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात शिल्पकलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

छिन्नीची सद्दी संपवली ती मूरच्याच एका माजी मदतनिसानं. अँथनी कॅरोनं 1960 पासून लोखंडी पत्रे नि तुळया जोडून, रंगवून, चौथऱ्याशिवाय थेट जमिनीवर मांडल्या. तो शिकवत असलेल्या लंडनच्या सेंट मार्टिन्स या कलाशाळेतल्या रिचर्ड लाँग या विद्यार्थ्यानं 1967 साली गवतातून सरळ रेषेत ये-जा केली, पायांनी उमटलेल्या त्या रेघेचा फोटो काढला आणि हे माझं शिल्प म्हणून मांडलं.