मोहीमपदके (विदर्भ)

एखाद्या लष्करी मोहिमेत भाग घेतल्याबद्दल सैनिकांना दिलेली पदके. शौर्यपदकाला पराक्रम लागतो. येथे मोहिमेवर हजर असणे पुरे. विदर्भाच्या भूमीवरील लढायांचे पदक चांदीचे होते, तर खेड्यांतील जुन्या फौजी घरांत जपलेली ब्राँझची पदके बहुधा परमुलखातील युद्धांची असतात.

इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांसाठीच्या ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ला 1851 मध्ये मंजुरी मिळाली. विल्यम वायनने घडवलेल्या या पदकाच्या दर्शनी बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे. मागे बसलेली विजयदेवता आणि 1799–1826 ही वर्षे. फितीवर लढाईच्या नावाची पट्टी असे. अशा 21 पट्ट्यांपैकी पाच विदर्भाच्या: अडगाव (29 नोव्हेंबर 1803, आता तेल्हारा तालुका, जि. अकोला), गाविलगड (15 डिसेंबर 1803) आणि 1817 मधील सीताबर्डी, नागपूर व या दोहोंची एकत्र.

यांतील 1799 हे वर्ष कोड्यात टाकणारे आहे, कारण सर्वांत जुनी पट्टी अलीगडची, म्हणजे सप्टेंबर 1803 ची. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले खरे. पण त्या विजयाचे स्वतंत्र पदक 1808 च्या सुमारास इंग्लंडमधील सोहो टाकसाळीत पाडले गेले होते, हुद्द्यानुसार सोने, चांदी, ब्राँझ व कथलात. त्या पदकापासून पुढचा काळ धरला असावा, हे स्पष्टीकरण त्यातल्या त्यात सयुक्तिक वाटते. नोंदलेल्या मोहिमांशी मात्र ते तंतोतंत जुळत नाही.

पदक हयात सैनिकांनाच मिळे. अडगावला तोवर 48 वर्षे लोटली होती, त्यामुळे मानकरी थोडे आणि त्यांत देशी शिपाई फारच विरळ. गाविलगड लढवताना पडलेला किल्लेदार बेनीसिंग तर या हिशेबातच येत नाही.

पहिल्या महायुद्धाचे ‘व्हिक्टरी मेडल’ ब्राँझचे, 36 मिमी व्यासाचे, इंद्रधनुषी फितीचे. जोडीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे. मजूर तुकड्यांतील भारतीयांना तेच ब्राँझमध्ये दिले. चांदीची पदके भाव चढताच, विशेषतः 1980 च्या सुमारास, बरीच आटवली गेली; ब्राँझला मोडीत किंमत नसल्याने ती टिकली. कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. कड घासलेली असल्यास मूळ धनी ओळखता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील ‘बर्मा स्टार’सारखे सहाकोनी तारे ब्राँझचे समजले जातात. त्यांचा धातू तांबे व जस्ताचा, म्हणजे पितळेच्या जातीचा आहे.