‘कर्मण्येवाधिकारस्ते’ आणि एपिक्टेटस: रेघ एकाच जागी नाही

प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टोइक तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “हे तर आपल्या गीतेत आहे. प्रयत्न आपल्या हातात, फळ नाही.” सगळे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. गीतेचं सार एका ओळीत आटोपलं तर फारसं बिघडत नाही, कारण बाकीचं आपल्याला ठाऊक असतं. पण तीच ओळ एपिक्टेटस या स्टोइक विचारवंताच्या नावावर खपवली की त्याची मूळ शिकवणच हातची जाते. मग ती रोजच्या जगण्यात का उपयोगी पडत नाही, याचं कोडं पडतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47 वा श्लोक वाचकाला पाठ असणार, म्हणून तो उलगडत बसत नाही. तिथे रेघ कर्म आणि फळ यांच्या मधून जाते, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

एपिक्टेटस पहिल्या-दुसऱ्या शतकातला. रोममध्ये गुलाम होता, सुटका झाल्यावर शिकवू लागला आणि पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिसला त्याने आपली शाळा चालवली. त्याच्या शिकवणीची एरियन या शिष्याने टिपणं ठेवली आणि त्यांतूनच ‘एन्खिरिडिऑन’ ही छोटी पुस्तिका काढली. तिच्या पहिल्याच परिच्छेदात दोन याद्या आहेत. आपल्या हातात काय? मत, कृतीकडे झुकणारी प्रेरणा, इच्छा आणि तिटकारा. हातात नाही ते काय? शरीर, मालमत्ता, लौकिक, अधिकारपद.

शरीर कुठल्या यादीत आहे ते पाहा. दुसऱ्या.

सगळा घोळ इथे आहे. शरीर हातात नसेल, तर शरीराने होणारी कृतीही पुरती हातात नाही. पुस्तक उघडून बसणं, वेळेवर पोचणं, चार तास एकाग्र राहणं या सगळ्याला न दुखणाऱ्या पाठीची, चालू विजेची, शांत घराची गरज लागते. म्हणजे ज्याला आपण ‘प्रयत्न’ म्हणतो त्याचा मोठा भाग एपिक्टेटसच्या हिशेबात रेघेच्या पलीकडे पडतो. अलीकडे उरते फक्त निवड करणारी बुद्धी. तो तिला ‘प्रोहायरेसिस’ म्हणतो. समोर जे आलं त्याला काय समजायचं, कशाला होकार द्यायचा आणि काय करायचं ठरवायचं, एवढंच तिचं काम.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी घ्या. ‘निकाल माझ्या हातात नाही, रोजचा आठ तास अभ्यास आहे,’ असं तो स्वतःला बजावतो. दहाव्या दिवशी ताप येतो. आता निकालाची काळजी नसली तरी ‘माझ्या हातातलं होतं तेही मी केलं नाही’ ही टोचणी सुरू होते, आणि ती निकालाच्या काळजीहून वाईट, कारण तिच्यात दोषी तो स्वतःच असतो. त्याने रेघ चुकीच्या जागी ओढली आहे. एपिक्टेटस तापाबद्दल स्वतंत्रपणे बोलला आहे: देवाला किंवा माणसाला बोल लावू नये, खचू नये, सांगितलेलं पथ्य पाळावं, वैद्य आला की तो काय सांगेल याला घाबरू नये आणि ‘छान आहे’ म्हणाला तर हुरळूनही जाऊ नये. ताप नीट सोसणं म्हणजे हेच. त्याच्या दृष्टीने तो दिवस वाया गेलेला नाही. त्या दिवशीचा अभ्यास निराळा होता, इतकंच.

इथे गीता जाणणारा वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. अठराव्या अध्यायात (श्लोक 14) कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. म्हणजे कृती एकट्या माणसाच्या हातात नाही हे गीतेलाही मान्य आहे. खरं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पाहिला की दोन वाटा फुटतात. गीता कर्तेपण सैल करत नेते. ‘मी कर्ता’ असं अहंकाराने मोहित झालेला मानतो, हे तिसऱ्या अध्यायात (श्लोक 27) स्पष्ट आहे, आणि उपाय म्हणून कर्म ईश्वराला अर्पण करायला सांगितलं आहे. एपिक्टेटस उलट जातो. शरीर, पैसा, नाव यांतून कर्तेपण काढून घेतो, सगळं निवडीच्या एका बिंदूवर गोळा करतो आणि तिथे ते पूर्णपणे तुमच्यावर टाकतो. माझा पाय बांधाल, पण माझी निवड झ्यूसलाही, म्हणजे ग्रीकांच्या देवराजालाही, जिंकता येणार नाही, असं त्याचं म्हणणं आहे. तिथे अर्पण करायला कोणी नाही आणि सबब सांगायलाही कोणी नाही.

म्हणून दोन्हींची खिचडी करू नये, असं माझं ठाम मत आहे. खिचडीत दोन्हीकडचा सोयीचा भाग उचलला जातो: गीतेतून ‘मी कर्ता नाही’, एपिक्टेटसकडून ‘हे माझ्या हातात नाही’. घरच्यांवर ओरडून झाल्यावर ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की जबाबदारी कुठेच उरत नाही. दोन्ही परंपरा आपापल्या जागी कडक आहेत. अर्पण करण्याआधी गीता काम-क्रोधाला शत्रू ओळखून जिंकायला सांगते. आणि स्टोइकांकडे रोमन तत्त्वज्ञ सेनेका क्रोधावर लिहिताना पहिला धक्का आणि त्याला दिलेला होकार वेगळे करतो. वरिष्ठांचा मेल वाचून कान तापणं हा पहिला धक्का. तो शरीराचा, तुमच्या खात्यात धरायचा नाही. ‘माझा अपमान झाला आणि मी उत्तर दिलंच पाहिजे’ याला मान्यता देणं मात्र तुमचं. स्टोइक म्हणजे कान न तापणारा माणूस, ही समजूतही त्यामुळे चूकच.

आता हे वापरायचं कसं? ‘एन्खिरिडिऑन’च्या चौथ्या परिच्छेदात सार्वजनिक स्नानगृहाचं उदाहरण आहे. निघण्याआधी तिथे काय काय होतं ते आठव: पाणी उडवणारे, धक्के देणारे, शिव्या देणारे, चोऱ्या करणारे. मग स्वतःला सांग, मला स्नान करायचं आहे आणि माझी निवडही निसर्गाला धरून ठेवायची आहे.

हेच तहसील कार्यालयात दाखला आणायला जाताना करा. आधी तिथे नेहमी होणाऱ्या चार-पाच गोष्टी मनात आणा: रांग, बंद पडलेला सर्व्हर, जागेवर नसलेले साहेब, ‘उद्या या’, मध्ये घुसणारा कोणी. दोन मिनिटं, एकदाच. त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा घोळवल्या की तयारी राहत नाही, नुसती चिंता होते. मग दोन भागांचं वाक्य: ‘मला दाखला हवा आहे, आणि माझं डोकं ताब्यात ठेवायचं आहे.’ दुसऱ्या भागाची एक कसोटी आहे. त्यातल्या क्रियापदाचा कर्ता तुमच्याखेरीज कोणीही असता कामा नये. ‘मी नीट बोललो की ते काम करतील’ हे नापास, कारण ‘करतील’ हे त्यांचं.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे वाक्याचा पहिला भागच गाळणं. ‘दाखला मिळो न मिळो, मी शांत’ हे स्टोइक नव्हे. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने स्टोइकांच्या वतीने तिरंदाजाचं उदाहरण दिलं आहे: नेम धरण्यासाठी करता येईल ते सगळं करायचं, लक्ष्यही खरंच भेदायचं असतं, पण त्याचं अंतिम साध्य म्हणजे नीट नेम धरणं. म्हणून कागद पूर्ण आहेत का, झेरॉक्स घेतली का, कचेरी किती वाजता उघडते, हे स्टोइकाने इतरांहून जास्त नेटाने पाहायला हवं. आरोग्य, पैसा, नोकरी यांना स्टोइक ‘पसंतीच्या, पण भल्या-बुऱ्यात न मोजायच्या’ गोष्टी मानतात. पसंतीच्या म्हणजे निवडायच्याच.

योजना आखताना ‘काही आडवं आलं नाही तर’ हे शब्द मनातल्या मनात जोडायची पद्धत सेनेकाकडे सापडते. पण ती पळवाटही होते. अडथळा कुठे होता ते विचारा. वीज गेली तर तो बाहेरचा. फोन हातात घेतला तर तो अडथळा नव्हे. फोनने खुणावलं, होकार तुम्ही दिला.

रात्रीची उजळणीही सेनेकाचीच. दिवा गेल्यावर, बायको त्याची सवय ओळखून गप्प झाल्यावर, तो दिवस तपासत असे. सेक्स्टियस या रोमन तत्त्वज्ञाकडून घेतलेले तीन प्रश्न: आज कुठली वाईट सवय बरी केलीस? कुठल्या दोषाला विरोध केलास? कशात सुधारलास? ‘किती तास झाले’ हा प्रश्न त्यात नाही. तासांची नोंद वहीत जरूर ठेवा, पण या उजळणीत तिला घुसवू नका.

शेवटचा मुद्दा तिसऱ्या रकान्याचा. काही आधुनिक मार्गदर्शक ‘हातात’ आणि ‘हातात नाही’ यांच्या मध्ये ‘थोडं हातात’ असा रकाना आखतात. तो मला अजिबात पटत नाही. घरातली प्रत्येक काळजी आठवड्याभरात त्यात जाऊन बसते आणि मूळ रेघ पुसली जाते. ‘थोडं हातात’ वाटणारी कुठलीही गोष्ट फोडली की तिचे दोनच तुकडे होतात. आईची शुगर घ्या. गोळ्यांच्या वेळेचा गजर लावायचं ठरवणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढायचं ठरवणं, तिने चोरून पेढा खाल्ला तर आवाज चढवायचा की नाही हे ठरवणं, हा एक तुकडा. यंत्रावर दिसणारा आकडा हा दुसरा.