ऑनलाइन पाककृतींचा शोध

घरच्या स्वयंपाकासाठी नव्या पदार्थाची कृती इंटरनेटवर शोधणे, पारखणे आणि आपल्या भांड्यांत व मापांत बसवून घेणे. मराठीत ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे आणि तिथला पाककृतींचा साठा मोठा आहे. २००५ मध्ये यूट्यूब आले आणि वाचायची कृती बघायची झाली. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे आता डोळ्यांनी कळते. मात्र प्रमाण बोलण्याच्या ओघात निसटते. म्हणून व्हिडिओखाली साहित्याची यादी लिहिलेली असेल, तीच कृती निवडावी.

शोध : एकाच पदार्थाला प्रांतोप्रांती वेगळे नाव असते. अळूवडीचे भाऊबंद गुजरातीत ‘पात्रा’, तर मंगळूरकडे ‘पत्रोडे’ म्हणून सापडतात. भरल्या वांग्यांसाठी ‘गुत्ती वंकाया’ किंवा ‘एण्णेगायी’ शोधले, तर आंध्र व कर्नाटकातली वाटणे हाती लागतात. देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगने शोधल्यास निकाल वेगळे येतात, तेव्हा दोन्ही करून पाहावे. नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचे चिन्ह दिले की गूगल ती पाने वगळते. अंड्याविना केक हवा असेल, तर मात्र ‘एगलेस’ हा शब्दच जास्त उपयोगी.

पारख : एका पदार्थाच्या तीन कृती शेजारी ठेवून मुख्य जिन्नसांचे प्रमाण ताडून पाहावे. दोन जुळल्या आणि तिसरीत सोडा तिप्पट असला, तर तिसरी सोडून द्यावी. यादीतला जिन्नस कृतीत कुठेच पडत नसेल, तर ती कृती कोणी करून पाहिलेली नाही असे खुशाल समजावे. ‘कांदा पाच मिनिटांत तपकिरी होतो’ हे वाक्य तर सर्रास आढळते. मंद आचेवर त्याला अर्धा-पाऊण तास लागतो; पाच मिनिटांत तो जेमतेम पारदर्शक होतो. प्रतिक्रियांत ‘मस्त!’पेक्षा ‘माझे मोदक फुटले’ ही तक्रार आणि तिच्याखालचे उत्तर वाचावे.

मापे : बहुतेक कृती इथे बिघडतात. अमेरिकी कप सुमारे २४० मिली, ऑस्ट्रेलियन २५० मिली. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २०. आपल्या वाटीला तर मापच नाही, म्हणून घरातली एक वाटी पाण्याने एकदा मोजून ठेवावी. कपभर मैदा हलका भरला तर सुमारे १२५ ग्रॅम, दाबून भरला तर १५० च्या आसपास जातो आणि केक कोरडा होतो. अमेरिकी कृतीतले जाडसर ‘कोशर’ मीठ चमच्याला बारीक मिठापेक्षा कमी भरते. काही ब्रँडचे तर निम्म्याच्या आसपास. आपले मीठ त्याच मापाने घातले की पदार्थ खारट झालाच. ३५० फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७५ सेल्सिअस. ओव्हनला पंखा असेल तर साधारण २० अंश कमी ठेवावे. आठ इंची गोल टिनाऐवजी नऊ इंची वापरला, तर तळ सुमारे सव्वापट होतो. केक पातळ होतो व लवकर भाजतो.

माप बरोबर असूनही फसणारा पदार्थ म्हणजे उकडीचे मोदक. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, हे नेहमीचे प्रमाण. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेल्या ताज्या पिठीला ते पुरते. बाजारची जुनी पिठी जास्त पाणी पिते. त्याच मापाची उकड कोरडी राहते आणि पारी करताना कडेला चिरते. उकड गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळावी. गार झाल्यावर पाणी नीट मुरत नाही आणि उकड वरून चिकट होते. सगळ्या पाऱ्या करण्याआधी एक गोळी दाबून पाहावी. कडेला भेग गेली, तर अजून मळावी.

सुरक्षितता : सोललेला लसूण तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवायला सांगणाऱ्या कृती टाळाव्यात. आम्ल नसलेल्या अशा तेलात बॉट्युलिझम या घातक विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचे विष वासाने कळत नाही. परदेशी ‘स्लो कुकर’च्या कृतीने कच्चा राजमा थेट मंद आचेवर शिजवू नये. त्यातील लेक्टिन हे विषारी प्रथिन नष्ट व्हायला भिजवलेला राजमा, भिजवणीचे पाणी टाकून, किमान १० मिनिटे खळाखळा उकळावा लागतो. प्रेशर कुकरमध्ये हे काम आपोआप होते.