तिघांत एक संगणक : रशियातल्या शालेय सांघिक ऑलिम्पियाडची पार्श्वभूमी

रशियात शाळकरी मुलांची सांघिक प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाड २००० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये सुरू झाली. यजमान होती आज ‘इत्मो’ नावाने ओळखली जाणारी तिथली तंत्रसंस्था. तीन विद्यार्थी, एक संगणक, पाच तास. हा साचा नवा नव्हता, पण तो शाळेच्या पातळीवर येण्यामागे दोन वेगळ्या परंपरा आहेत.

पहिली शाळेतली. सोव्हिएत संघाने १९८५मध्ये वरच्या वर्गांना संगणकशास्त्र हा विषय लागू केला. त्यामागची मुख्य व्यक्ती संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई येर्शोव. प्रोग्रॅमिंग ही दुसरी साक्षरता आहे, असे ते १९८१पासून मांडत होते. बहुतेक शाळांत संगणकच नव्हते, त्यामुळे अल्गोरिदम वहीत लिहून शिकवले जात. संगणकशास्त्राची अखिल सोव्हिएत ऑलिम्पियाड १९८८ साली स्वेर्दलोव्स्कला झाली आणि पुढच्याच वर्षी बल्गेरियातल्या प्रावेत्सला पहिली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड. या दोन्ही वैयक्तिक. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये अर्धवट जमलेल्या उत्तरालाही काही गुण मिळतात. भारत २००२पासून तिथे जातो. आपली निवडही एकेकट्या विद्यार्थ्याची होते, सांघिक नव्हे.

दुसरी परंपरा विद्यापीठांची. टेक्सासमध्ये १९७०ला सुरू झालेल्या स्पर्धेची पहिली अंतिम फेरी १९७७मध्ये झाली. तीच आजची आयसीपीसी, म्हणजे विद्यापीठांच्या संघांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा. नव्वदच्या दशकात रशियन विद्यापीठे तिच्यात उतरली आणि २०००मध्ये सेंट पीटर्सबर्ग राज्य विद्यापीठ विजेते ठरले. शालेय सांघिक ऑलिम्पियाडने नियम या स्पर्धेचे उचलले. त्यात अर्धे गुण नाहीत: प्रोग्रॅम तपासण्यासाठी ठेवलेल्या सगळ्या टेस्ट पार झाल्या तरच प्रश्न सुटला. सारखेच प्रश्न सोडवणाऱ्या संघांत कमी पेनल्टीवाला पुढे; पेनल्टी म्हणजे प्रश्न सुटेपर्यंत गेलेली मिनिटे आणि चुकीच्या उत्तरांचा दंड. १००व्या मिनिटाला सुटलेल्या प्रश्नावर आधी दोनदा चुकीचे उत्तर पाठवले असेल तर प्रत्येकी २० धरून पेनल्टी १४० होते. न सुटलेल्या प्रश्नावरच्या चुका मात्र मोजल्या जात नाहीत.

वैयक्तिक स्पर्धेतून आलेली हुशार मुले इथे अडखळतात ती नेमकी या दोन गोष्टींवर. अर्धवट उत्तर पाठवून गुण जमवण्याची सवय निरुपयोगी ठरते. कीबोर्डही एकच असतो. बग सापडेना म्हणून एकजण चाळीस मिनिटे पडद्यापुढे बसून राहिला, तर उरलेल्या दोघांची तयार उत्तरे तशीच पडून राहतात. म्हणून मुरलेले संघ कोडचा प्रिंटआउट काढून लगेच खुर्ची सोडतात आणि चूक कागदावर शोधतात. सुरुवातीला प्रश्नपत्रिका तिघांत वाटून घेतात, म्हणजे सोपा प्रश्न शेवटच्या पानावर असला तरी पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत हाती लागतो. कीबोर्डवर येण्याआधी वाचलेच पाहिजेत ते प्रश्नात दिलेले मर्यादांचे आकडे: संख्या किती, केवढ्या आणि वेळ किती. एक लाख संख्यांवर लूपमध्ये लूप चालवला तर हजार कोटी पायऱ्या होतात, वेळेची मर्यादा दोन सेकंद असेल तर त्यात ते बसत नाही. बेरीज सुमारे २१५ कोटींच्या पुढे गेली की ३२ बिटी पूर्णांक उतू जातो आणि नमुना उदाहरण बरोबर येऊनही ‘राँग आन्सर’ पडते. शाळकरी संघांची पेनल्टी बरीचशी अशाच चुकांनी वाढते, अवघड प्रश्नांनी कमी.

इत्मोने पुढे आयसीपीसीचे विजेतेपद २००४ ते २०१७ या काळात सात वेळा मिळवले. त्याचे सगळे श्रेय या शालेय स्पर्धेला देणे अतिशयोक्तीचे होईल. २३९ क्रमांकाच्या शाळेसारख्या गणितप्रधान शाळा आणि शाळेनंतर भरणारी गणित-मंडळे या शहरात सोव्हिएत काळापासून होती. एका संगणकावर तिघांनी काम वाटून घेण्याचा सराव मात्र तिथे मिळत नव्हता. तो या ऑलिम्पियाडमुळे विद्यापीठात पाऊल टाकण्याआधीच होऊ लागला.